आलोच म्हणजे किती वेळ?

जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरून खोताच्या वाडीत वळलं की गिरगावचा गलका मागे राहतो. गल्ली इतकी चिंचोळी होते की समोरून स्कूटर आली तर भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. दोन्ही बाजूंना लाकडी घरं, उतरती कौलं, रस्त्याकडे तोंड केलेली ओसरी, आणि वरच्या मजल्याचा जिना घराच्या बाहेरून. जिना असा उघड्यावर असल्यामुळे मी तिथे कधी बेल वाजवत नाही, खालूनच हाक मारतो. वरून उत्तर येतं. एका घरातून येतं ‘जस्ट अ मिनिट!’, शेजारच्या घरातून ‘आलेच हं!’

दोन्ही उत्तरांचा अर्थ एकच, आणि दोन्ही घरांत माणूस खाली येईपर्यंत लागणारा वेळही साधारण सारखाच. पण त्या मिनिटात साठ सेकंद नसतात, आणि ‘आलेच’ म्हणणारी बाई अजून मुळीच आलेली नसते. खाली उभ्या उभ्या मला या शब्दांचा नाद लागला. अगदी थोडक्या वेळाला माणसं काय काय म्हणतात, आणि ते शब्द त्यांनी आणले कुठून?

प्रश्नाला ही जागा चांगली आहे. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावाची ही वाडी. त्यांच्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांनी घेतले आणि घरं बांधली. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई-वसई-साष्टी पट्ट्यातले मूळचे मराठीभाषक ख्रिस्ती. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, त्यांनी हे नाव अधिकृतपणे धारण केलं. त्यांच्या घरांत मराठी बोली आणि इंग्रजी दोन्ही नांदल्या. त्यामुळे ‘मिनिट’ आणि ‘आलेच’ इथे पिढ्यान्‌पिढ्या एकाच कठड्यावरून ऐकू येत आले आहेत.

आधी इंग्रजी शब्द घेऊ. मिनिट आणि सेकंद ही खरं तर नावंच नव्हेत, विशेषणं आहेत. लॅटिनमध्ये तासाच्या साठाव्या भागाला ‘पहिला बारीक भाग’ म्हणत आणि त्याच्या साठाव्या भागाला ‘दुसरा बारीक भाग’. बारीक म्हणजे ‘मिनुता’, दुसरा म्हणजे ‘सेकुंदा’. पुढे भाग हा शब्द गळून गेला. म्हणजे आपण ‘एक सेकंद थांब’ म्हणतो तेव्हा शब्दशः ‘एक दुसरा थांब’ म्हणत असतो. हा साठाचा हिशेब बाबिलोनी खगोलातून आला, आणि आपल्याकडे तो वेगळ्या नावांनी आधीपासून होताच: दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळं, पळाची साठ विपळं. आजच्या मापात घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं आणि विपळ सेकंदाच्या दोन पंचमांश.

‘मोमेंट’ची गोष्ट मला फार आवडते. आज तो शब्द ‘एवढासा वेळ’ या अर्थाने जातो, पण मध्ययुगीन युरोपात ते पक्कं माप होतं. तासाचे चाळीस मोमेंट. म्हणजे एक मोमेंट सरासरी दीड मिनिटाचा. मठातला भिक्षू ‘मोमेंटभर थांब’ म्हणाला असता तर नव्वद सेकंद थांबावं लागलं असतं.

आपला ‘क्षण’ याच वाटेने आला आहे, आणि तो तर आणखी मोठा होता. अमरकोशाचा हिशेब असा: अठरा निमेषांची एक काष्ठा, तीस काष्ठांची कला, तीस कलांचा क्षण, बारा क्षणांचा मुहूर्त, आणि तीस मुहूर्तांचं अहोरात्र. मुहूर्त ४८ मिनिटांचा, तेव्हा क्षण बरोबर चार मिनिटांचा होतो. भास्कराचार्य ‘सिद्धान्तशिरोमणी’त, म्हणजे ११५० साली, दोन घटकांनाच क्षण म्हणतात. तो क्षण ४८ मिनिटांचा! तेवढ्या वेळात चर्नी रोडहून लोकलने अंधेरी गाठता येते. मोमेंट आणि क्षण, दोघेही ज्योतिष्यांच्या आणि भिक्षूंच्या हातून सुटून बाजारात आले आणि लोकांच्या तोंडी झिजत झिजत मापच हरवून बसले. माप हरवलं म्हणूनच ते कामाचे झाले, असं मला वाटतं. ‘चार मिनिटं तुझी आठवण आली’ असं कुणी म्हणत नाही.

क्षणाचा एक अर्थ उत्सव असाही आहे, तो अमरकोशातही आहे. त्या अर्थाने हा शब्द लोकांच्या तोंडी घासून ‘सण’ झाला. तोच शब्द दोन घरी नांदतो आहे. एका घरी तो पापणी मिटेपर्यंत संपतो, दुसऱ्या घरी त्याच्यासाठी पंधरा दिवस आधी फराळाची तयारी सुरू होते. गिरगावात पाडव्याच्या शोभायात्रेच्या सकाळी किंवा वाडीत नाताळच्या कंदिलांखाली उभा असलो की मला ही व्युत्पत्ती आठवते आणि दर वेळी नवी वाटते.

आता डोळ्याकडे येऊ, कारण सगळ्यात जुनं आणि सगळ्यात विश्वासू घड्याळ तेच. निमिष किंवा निमेष म्हणजे पापणीची एक उघडझाप. देव पापणी लववत नाहीत म्हणून ते ‘अनिमिष’, आणि मासेही अनिमिष, कारण माशाला पापणीच नसते. बाजारात बर्फावर मांडलेल्या पापलेटाच्या उघड्या डोळ्यासाठी संस्कृतने हा इतका देखणा शब्द राखून ठेवला आहे.

निमेष किती मोठा, यावर ग्रंथांचं एकमत नाही. अमरकोशाच्या हिशेबाने तो सेकंदाच्या सत्तराव्या भागाजवळ जातो. एवढ्यात कुणाची पापणी लवत नाही. मनुस्मृतीत कलेवरून थेट मुहूर्त येतो, मधली क्षणाची पायरी नाही. तिथे तीस कलांचा मुहूर्त धरला, की निमेष सेकंदाच्या अठरा शतांशांएवढा निघतो. खऱ्या पापणीला लागणारा वेळ साधारण सेकंदाच्या एक दशांशापासून चार दशांशापर्यंत असतो. म्हणजे मनुस्मृतीचा हिशेब डोळ्याशी जुळतो.

युरोपात काय चाललं होतं? तिथल्या मठांत मोमेंटचे ५६४ भाग करून त्या भागाला ‘ॲटम’ म्हणत, म्हणजे ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत असा कण. पुढे हा शब्द पदार्थविज्ञानात अणूसाठी पक्का झाला, पण मध्ययुगातला हा ॲटम काळाचा होता. भागाकार केला की तो सेकंदाच्या सोळा शतांशांचा येतो. मनुस्मृतीतला निमेष अठरा शतांश, मठातला ॲटम सोळा शतांश. दोन वेगळ्या परंपरा, दोन वेगळ्या भाज्य-भाजकांनी, दोन शतांशांच्या अंतरावर येऊन थांबल्या. मी हा भागाकार पहिल्यांदा केला तेव्हा चुकला असेल म्हणून पुन्हा करून पाहिला.

योगायोग म्हणून सोडून देऊ नये असं त्यात एक सूत्र आहे. बायबलात संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पुनरुत्थानाचं वर्णन आहे: शेवटचा कर्णा वाजेल आणि सगळे बदलून जातील. किती वेळात? मूळ ग्रीकमध्ये तिथे दोन शब्दप्रयोग लागोपाठ येतात, एक ‘ॲटम’चा आणि दुसरा डोळ्याच्या लवण्याचा. वाचणाऱ्यांनी ते दोन्ही एकच धरले, आणि ॲटम म्हणजे पापणीची एक लव हे समीकरण बसलं. इंग्रजीत त्यातूनच डोळ्याच्या लवण्याचा ‘ट्विंकलिंग’ हा वाक्प्रचार घरोघरी गेला. मराठी बायबलात त्या जागी क्षण आणि निमिष आहेत. गिरगावच्या चर्चमध्ये मराठीतून तो उतारा वाचला गेला की ऐकणाऱ्याच्या कानावर निमिष पडतो, इंग्रजीतून वाचला तर ट्विंकलिंग. पापणी तीच.

भास्कराचार्य पापणीवर थांबले नाहीत. निमेषाचा तिसावा भाग तत्पर, तत्पराचा शंभरावा भाग त्रुटी. त्यांच्या हिशेबाने एक त्रुटी म्हणजे सेकंदाचा ३३,७५०वा भाग. बाराव्या शतकात हे मोजायला कुठलंही यंत्र नव्हतं, आणि त्यांनी ते मोजलं असा दावाही नाही. पण संख्या तिथपर्यंत जाऊ शकते, तर शब्दालाही तिथपर्यंत न्यावं, ही त्यामागची बुद्धी मला मोठी वाटते. पदार्थवैज्ञानिकांनीही असेच घरगुती शब्द सूक्ष्म जागी नेऊन बसवले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत ‘जिफी’ अवतरला, कुठून ते कुणालाच सांगता आलेलं नाही. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी प्रकाशाला एक सेंटिमीटर जायला लागणाऱ्या वेळाला जिफी म्हणावं असं सुचवलं. कोकराच्या शेपटीच्या दोन हिसड्यांत काम उरकण्याचा एक इंग्रजी वाक्प्रचार आहे. त्यातल्या हिसड्यावरून, म्हणजे ‘शेक’वरून, अणुबाँबवर काम करणाऱ्यांनी सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाला नाव दिलं. कुरणातल्या कोकराचा शब्द तिथे जाऊन पोचावा याचं मला दुःख होतं.

डोळ्यानंतर जीभ. विपळ सेकंदाच्या दोन पंचमांश असतं हे वर आलं. पण ते अनुभवायचं कसं? भास्कराचार्यांनी आणि त्यांच्या आधीच्यांनीही सांगितलं आहे: दहा गुरू अक्षरं उच्चारायला लागतो तो एक प्राण, सहा प्राणांचं एक पळ. गणित मांडलं की एका विपळात बरोबर एक दीर्घ अक्षर बसतं. ‘आ’ म्हटलं, विपळ गेलं. आणि प्राण म्हणजे चार सेकंद, निवांत बसलेल्या माणसाचा एक श्वास. ज्योतिषाचं शास्त्र इतकं अंगाजवळ बांधलेलं होतं.

आता ‘हां हां म्हणता’ घ्या. ‘हां हां म्हणता पाणी चढलं.’ दोन दीर्घ अक्षरं, म्हणजे दोन विपळं, पाऊण सेकंदाहून किंचित जास्त! ज्याने हा वाक्प्रचार पहिल्यांदा केला त्याने सिद्धान्तग्रंथ वाचले नव्हते, पण मोजण्याची रीत तीच होती, तोंडाने. इंग्रज माणूस ‘जॅक रॉबिन्सन’ हे नाव उच्चारायच्या आत काम झालं असं म्हणतो. तो रॉबिन्सन कोण होता यावर पुष्कळ तर्क झाले आहेत. माझ्या मते नाव महत्त्वाचं नाही, त्यातल्या चार अक्षरांची लांबी महत्त्वाची. श्वासावरून ‘एका दमात’ आला. बोटांवरून चुटकी आली, आणि ‘चुटकीसरशी’ तर दोन्ही भाषांना सारखाच सुचला.

हातापायांची कहाणी अशीच. इंग्रजीत ‘ट्राइस’ म्हणून एक जुना शब्द आहे, आता फक्त ‘क्षणार्धात’ या अर्थाने उरलेला. मुळात तो खलाशांचा. दोर एकदा ओढणं म्हणजे ट्राइस. एका ओढीत शीड वर. आपण म्हणतो एका झटक्यात, एका हिसक्यात. दोर ओढणारा हात कुठल्याही बंदरातला असो, तो शब्द सारखाच घडवतो. ‘इन्स्टंट’मध्ये लॅटिन धातू आहे उभं राहण्याचा, अगदी अंगाशी येऊन उभं असलेलं ते इन्स्टंट. आणि मराठीत पाहुणा न बसता गेला तर आपण म्हणतो ‘उभ्या उभ्या येऊन गेला’. आल्या पावली, उठल्या पायी, हातासरशी, सगळे याच कुळातले.

मग घड्याळाने या शब्दांचं काय केलं? मुंबईत घड्याळ हा भांडणाचा विषय होता, म्हणून तपासणं सोपं जातं. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची, जहाजांना अचूक वेळ देणं हे तिचं एक काम. मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटं होती. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशाला साडेपाच तासांची प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईने ती मानायला नकार दिला आणि महापालिका आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत धरून राहिली. जवळजवळ पन्नास वर्षं या शहरात वेळ सांगताना मुंबईची की स्टँडर्ड, हे सांगावं लागे. या साऱ्या काळात कुणाच्या ‘आलोच’मध्ये एका मिनिटाचा फरक पडला असेल असं मला वाटत नाही. मिनिट आणि सेकंद मात्र मराठीत कायमचे राहायला आले, आणि आल्या आल्या क्षणाच्याच वळणाला लागले, म्हणजे माप सोडून बसले. खोताच्या वाडीत वेफर्स तळून निघायला ‘दोन मिनिटं’ लागतात तेव्हा कढईतल्या तेलाकडे बघावं, घड्याळाकडे नव्हे.

घड्याळाची दुनिया आज सेकंद ठरवते ती सीझियमच्या अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवरून, १९६७ पासून. १ जानेवारी २०१७ च्या पहाटे भारतात ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर लगेच साडेपाच वाजले नाहीत. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राहावा म्हणून मध्ये एक जादा सेकंद घातला गेला. वाडी तेव्हा थर्टीफर्स्टच्या रात्रीनंतर झोपलेली असणार.

इथवर मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालल्या. पुढे मात्र मराठी वेगळ्या वाटेला जाते, आणि ती वाट मला सर्वात प्रिय आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८३१चा आणि मग सुधारलेला १८५७चा, उघडला की पानोपानी एक चमत्कारिक मांडणी दिसते. खटकन, खटकर, खटदिनी, खटदिशी. मोल्सवर्थने आणि त्याच्या पदरी असलेल्या शास्त्र्यांनी हे ध्वनिशब्द कंटाळा न करता, एकेक करून, अर्थासह नोंदवले. इंग्रजी भाषांतरात यातल्या बहुतेकांना ‘एकदम’ या अर्थाचा एखादाच शब्द मिळतो. मराठीत त्यांतला एकही दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

पटकन जेवून घे, असं आई म्हणते. चटकन म्हणणार नाही, कारण चटकन हे ध्यानात येण्याचं क्रियाविशेषण आहे. झटकन हात मागे घेतला जातो, तव्यावरून. खाडकन डोळे उघडतात, ताडकन माणूस उभा राहतो, मटकन खाली बसतो. गर्रकन वळतो, सटकन निसटतो. चिमणी भुर्रकन जाते, अंगावर सर्रकन काटा येतो, तान्हं मूल खुदकन हसतं, बेडूक टुणकन उडी मारतो. डोळ्यांत पाणी टचकन येतं. टपकन येत नाही. टपकन ते खाली पडतं. वेळ सगळ्यांना सारखाच, सेकंदाचा काही भाग. पण मराठीने त्या वेळाची लांबी मोजलीच नाही, त्यात काय घडलं याचा आवाज नोंदवून ठेवला. पाणी डोळ्यांत भरण्याला आवाज नसतो हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ‘टचकन’ म्हटलं की तो ऐकू येतो.

हे शब्द आता कमी होत आहेत. माझ्या ओळखीच्या मुलांच्या बोलण्यात ‘पटकन’ एकटा उरला आहे आणि बाकी सगळ्यांचं काम त्याच्यावर पडलं आहे. पटकन उठला, पटकन रडू आलं, पटकन पक्षी उडाला. मला हे मनापासून लागतं. मिनिट-सेकंद आले याचं काही वाटत नाही, पाहुणे आले, राहिले. पण टचकन गेला तर त्याच्या जागी यायला कुणी नाही.

व्याकरण मात्र अजून शाबूत आहे. ‘दार उघडतो न उघडतो तोच’ हे वाक्य पाहा. क्रियापद एकदा होकारात, एकदा नकारात, आणि दोहोंच्या मधल्या फटीत ती घटना. पापणी लवते न लवते, म्हणजे ती लवलीही आणि लवली नाहीही. नेमका क्षण पकडायला याहून बारीक चिमटा मला ठाऊक नाही. ‘आता’ घ्या. त्यातला त दुप्पट केला की ‘आत्ता’ होतो आणि वेळ आखडतो. ‘च’ लावला की ‘आत्ताच’, आणखी आखडतो. ‘आत्ताच्या आत्ता’ म्हटलं की शाळेचा डबा भरणारी आई आणि समोरचं मूल यांच्यामध्ये श्वासालाही जागा राहत नाही. अक्षरं वाढत जातात आणि वेळ कमी होत जातो.

आणि ‘आलोच’. ज्याला यायचं आहे तो आल्याचं सांगतो. भूतकाळातलं क्रियापद, कर्ता अजून वरच्या मजल्यावर, एक चप्पल पायात आणि दुसरी शोधतो आहे. इंग्रजी उत्तर थांबण्याचा वेळ मागून घेतं: एक मिनिट दे. मराठी उत्तर वेळ मागतच नाही, मधला सगळा वेळ पुसून टाकतं आणि माणसाला थेट खाली, हाक मारणाऱ्याच्या शेजारी आणून उभं करतं. त्यातला ‘च’ म्हणजे शब्द दिल्याची खूण. मग वाडीतल्या त्या लाकडी जिन्याच्या वरच्या पायरीवर पावलं वाजतात, आणि वरून पुन्हा एकदा, थोडं मोठ्याने, ‘आलोच!’

खाली उभा असलेला मी ‘हो हो, सावकाश’ म्हणतो.